टाकायला काढलेले ६३ कपडे: दुरुस्तीच्या नोंदी

६ जानेवारी. छाननी

पाच घरांतून टाकायला काढलेले कपडे गोळा झाले. मोजले तर ६३. बघायच्या गोष्टी दोन: यातले किती परत अंगावर जातात, आणि प्रत्येक कपडा नेमका कशामुळे बंद पडला. लोक नवे कपडे कमी घेतात याची मोठमोठी कारणं सांगितली जातात. इथे फक्त कपाटात काय दिसतं तेवढंच टिपायचं. पैशांचा आकडा जागेगणिक बदलतो, म्हणून खर्च तासांत आणि सामानात लिहिला आहे.

प्रत्येक कपड्याला सेफ्टी पिनने चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर तीन रकाने: बंद का पडला, बिघाड कुठे, त्याच्या जागी नवा घेतला का. तिसरा रकाना घरच्यांना विचारूनच भरायचा, आपल्या मनाने नाही.

हिशोब असा निघाला: बटण किंवा काज ९, शिवण उसवलेली ८, चेन ७, कॉलर-कफ झिजलेले ६, जीन्स आसनात किंवा गुडघ्यावर विरलेल्या ८, लोकरीचे भोकं पडलेले ५, टी-शर्ट ७, रंग विटलेले किंवा डागाळलेले ६, माप न होणारे ७.

लोकरीचे पाच लगेच बाजूला काढले. दोघांना कसर लागलेली स्पष्ट दिसत होती, आणि एका स्वेटरची कसर बाकी ढिगात जायला वेळ लागत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधले आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवले. बाकीचे सगळे धुतले. न धुतलेल्या कपड्यावर ठिगळ लावलं तर पहिल्या धुण्यात कपडा एकीकडे आणि ठिगळ दुसरीकडे ओढतं.

चूक: आधी शर्टांत शर्ट, पँटींत पँट अशा गठ्ठ्यांनी लावले. त्याने प्रत्येक कपड्याला सुई, दोरा, दाबपट्टी बदलावी लागते. दुसऱ्या दिवशी सगळं मोडून बिघाडाप्रमाणे गठ्ठे केले. चिठ्ठ्या, धुणं आणि ही फेररचना धरून ६ तास.

८ जानेवारी. तपासणी आणि सामान

दुरुस्तीला घेण्याआधी दोन चाचण्या. कपडा दिव्यासमोर धरायचा: भोक एक सेंटिमीटरचं दिसलं तरी त्याच्याभोवतीची विरलेली जागा दुप्पट-तिप्पट निघते, आणि ठिगळ तिच्या मापाचं लागतं. मग विरलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना तीन सेंटिमीटर अंतरावर अंगठे ठेवून बेताने ताणायचं. तटतट आवाज आला तर धागा संपला आहे, तिथे सुई घालू नका.

सामान: १२० नंबरचा पॉलिएस्टर दोरा सात रंगांत (पांढरा, काळा, गडद निळा, राखाडी, बदामी, तपकिरी, गडद हिरवा), ७५/११ बॉलपॉइंट सुया विणीच्या कापडाला, ८०/१२ शर्टांना, ९०/१४ आणि १००/१६ जाडाला, शिवण उसवायचं हत्यार, चपटी पक्कड, इस्त्रीने चिकटणारं पातळ बकरम (कापडाला आतून आधार देणारं अस्तर) अर्धा मीटर. सात रंगांत जवळपास सगळे कपडे भागले. तंतोतंत रंग शोधत बसू नका, कापडापेक्षा एक छटा गडद दोरा लपतो, फिका उठून दिसतो.

जुन्या डब्यातला सुती दोरा वापरायला घेतला होता. हाताने झटका दिला तर सहज तुटला. वर्षानुवर्षं पडून राहिलेला दोरा कुजतो. सगळी रिळं कच्च्या टाक्यांपुरती ठेवली.

१० जानेवारी. बटणं

९ कपडे, २ तास, नऊही परत. एवढ्यासाठी नऊ कपडे कपाटातून गेले होते, आणि त्यातल्या पाचांच्या जागी नवे आले होते.

तीन कपड्यांच्या आतल्या बाजूला, बाजूच्या शिवणीतल्या लेबलवर जादा बटण तसंच शिवलेलं सापडलं. आधी तिथे बघा. बाकीच्यांसाठी माप: बटणं लिन्यात मोजतात, ४० लिने म्हणजे एक इंच. शर्टाच्या पुढच्या पट्टीला बहुतेक १८ लिने, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. एकच बटण वेगळं लावण्यापेक्षा सगळ्यात खालचं, पँटीत खोचलं जाणारं बटण काढून वर लावायचं आणि वेगळं बटण खाली.

कारखान्यात बटणं बहुतेक एकेरी साखळी टाक्याने लावतात. त्याचं मोकळं टोक ओढलं गेलं की आख्खं बटण सरसर उसवतं. दोरा तुटलेला नसतोच. म्हणून नव्या शर्टाच्या बटणांनाही पहिल्याच दिवशी हाताने तीन-चार टाके घालून ठेवावेत.

जाड कापडाला बटण लावताना बटण आणि कापड यांच्यामध्ये आगकाडी ठेवायची, दुहेरी दोऱ्याने भोकांच्या प्रत्येक जोडीतून सहा वेळा जायचं, काडी काढून बटणाखालच्या दोऱ्याला चार-पाच वेढे द्यायचे आणि मग गाठ. पहिल्या कोटाला काडी ठेवली नाही. बटण कापडाला चिकटून बसलं, काजाभोवती चुण्या पडल्या. उसवून परत. एका जाकिटात बटणाबरोबर कापडच फाटून आलं होतं: मागून बकरमाचा दोन सेंटिमीटरचा गोल चिकटवला आणि आतल्या बाजूला छोटं बटण धरून दोन्ही बटणं एकाच टाक्यात शिवली. ओढ आता कापडावर न येता आतल्या बटणावर येते.

१३ जानेवारी. उसवलेल्या शिवणी

आठांतले सात झाले, अडीच तास. टीप उसवलेल्या जागेच्या दोन सेंटिमीटर आधीपासून सुरू करून दोन सेंटिमीटर पुढे न्यायची, टाका अडीच मिलिमीटरचा. ताणणाऱ्या कापडाला सरळ टीप घातली तर अंगात घालतानाच तडकते. एका टी-शर्टाची काखेतली शिवण तशीच गेली. अर्ध्या मिलिमीटर रुंदीची बारीक नागमोडी टीप घातल्यावर टिकली.

जो एक राहिला तो बारीक, गुळगुळीत धाग्याचा ब्लाउज. त्याची शिवण शाबूत होती, दोराही शाबूत. कापडाचे धागेच शिवणीपासून सरकले होते. तीन मिलिमीटर आत घेऊन परत शिवला, दोन दिवसांत तिथून सरकला. बकरमाची पट्टी लावून बघितली, पट्टीच्या कडेने सरकला. अशा कापडाचा कपडा अंगाला तंग असेल तर नाद सोडा. हे दुकानातच कळू शकतं: शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरून हलकंसं ओढायचं, टाक्यांमध्ये शिडीसारख्या फटी दिसल्या तर कपडा परत हँगरवर.

१७ आणि १८ जानेवारी. चेनी

सात कपडे, ५ तास, सातही झाले. पण एक दिवस उगाच गेला, त्याचं कारण खाली.

चेन बिघडली म्हटलं की लोक सबंध चेन बदलायचा विचार करतात, शिंपी त्याची मजुरी सांगतो आणि कपडा कपाटात परत जातो. सातांतल्या पाचांचे दात उत्तम होते. रनर (चेन लावताना सरकतो तो तुकडा) पुढे जातो पण त्याच्या मागे दात उघडेच राहतात, याचा अर्थ रनरच्या दोन भिंती झिजून फाकल्या आहेत. पकडीने रनरच्या मागच्या कडा दोन्ही बाजूंनी किंचित दाबल्या की चेन लागते. पाचही तशाच चालू केल्या, अर्ध्या तासात, आणि फार खूश झालो. दुसऱ्या दिवशी तीन परत फाकल्या. दाबलेला धातू आधीच झिजलेला असतो, तो जागेवर राहत नाही. चौघांना नवे रनर घातले. पाचव्या पँटीचा दाबलेला रनर नीट चालतोय असं वाटलं म्हणून सोडला. (तोच पुढे नडला, जूनची नोंद बघा.)

रनरच्या पाठीवर आकडा असतो, बहुतेक ३ किंवा ५. लावलेल्या चेनीच्या दातांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर. पण नुसता आकडा जुळून भागत नाही. ५ नंबरचे धातूच्या दातांचे रनर आणले आणि ५ नंबरच्या नायलॉन गुंडाळीच्या चेनीला घालत बसलो. आत जातात, चालतात, दात जुळत नाहीत. दात धातूचे, साच्यातल्या प्लास्टिकचे की नायलॉन गुंडाळीचे, हे तिन्ही वेगळे रनर मागतात. दुकानात जाताना जुना रनर खिशात न्या.

घालायची पद्धत: जाकिटाच्या उघडणाऱ्या चेनीचा वरचा धातूचा अडथळा पकडीने काढायचा, जुना रनर वरून काढून नवा घालायचा, अडथळा परत दाबून बसवायचा. पँटीच्या बंद चेनीला वरचा कंबरपट्टा उसवण्याची गरज नाही. तळाशी, शेवटच्या अडथळ्याच्या अगदी वर, एका बाजूच्या दोन दातांमध्ये कात्रीने पाच मिलिमीटरची खाच द्यायची, तिथून रनरची एक बाजू आणि खालून दुसरी बाजू चढवायची, रनर वर नेऊन चेन लावायची आणि खाचेच्या वर दुहेरी दोऱ्याने आठ-दहा आडवे टाके घालायचे. चेन सेंटिमीटरभर आखूड होते, घालताना जाणवत नाही. दोन्ही पट्ट्या एकाच पातळीवर चढल्या पाहिजेत. एक दात पुढेमागे झाला की वर जाऊन पोटाशी फुगवटा येतो. तसं दोनदा झालं.

राहिलेली दोन जाकिटं. त्यांच्या तळाची खुंटी आणि डबी तुटली होती, पट्टीचं टोक विरलं होतं. तिथे रनर बदलून उपयोग नाही, सबंध चेनच. प्रत्येकी ५५ मिनिटं. मापताना दातांची लांबी मोजा, पट्टीची नाही.

२४ जानेवारी. जीन्स, पहिला प्रयत्न, फसला

आठांतल्या सहा आसनात गेलेल्या, दोन गुडघ्यावर. आसनात मांड्या घासून आधी उभा धागा जातो, आडवा, पांढरा धागा तसाच लोंबत राहतो. म्हणून जागा फाटण्याआधी खूप दिवस पांढरट आणि मऊ दिसते. त्या वेळी हात लावला असता तर काम चतुर्थांश झालं असतं.

तीन जीन्सना इस्त्रीने चिकटणारी तयार ठिगळं लावली. वीस मिनिटांत तीन झाल्या. तिसऱ्या धुण्याला तिन्हींची कड सुटली, एकीत तर ठिगळाच्या कडेला लागून नवी चीर पडली. चिकट ठिगळ कडक असतं, भोवतीचं विरलेलं कापड मऊ, आणि प्रत्येक पावलाला वाकण्याची रेघ बरोबर दोघांच्या सीमेवर येते. गोंद काढून टाकण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. धुणी, काढणं, परत तयारी धरून ३ तास पाण्यात.

१ फेब्रुवारी. जीन्स, दुसरा प्रयत्न

आता टिकलेली पद्धत. ठिगळ आतून, जुन्या जीन्सच्या पायातलं कापड. विरलेल्या जागेच्या चहूकडून दोन सेंटिमीटर जास्त. ठिगळाचा उभा धागा जीन्सच्या उभ्या धाग्याला समांतर, नाहीतर धुतल्यावर पीळ पडतो. कडा चौकोनी कापू नका, गोलसर, वेड्यावाकड्या ठेवा म्हणजे ओढ एका सरळ रेघेत येत नाही. वजन बघा: १४ औंसाचं डेनिम म्हणजे सुमारे ४७५ ग्रॅम प्रति चौरस मीटर. ते १० औंसाच्या जीन्सला लावलं तर दगडाशेजारी मऊ माती, माती खचणारच. ठिगळ कपड्याइतकं किंवा किंचित हलकं हवं.

आधी कच्चा टाका घालून ठिगळ सपाट बसवलं. मग मशीनवर उभ्या धाग्याच्या दिशेने पुढे-मागे ओळी, टाका तीन मिलिमीटर, दोन ओळींत तीन ते चार मिलिमीटर. पहिल्या जीन्सला हौसेने एक-एक मिलिमीटरवर ओळी मारल्या. दिसायला सुरेख, स्पर्शाला पुठ्ठा, आणि इतक्या सुईच्या भोकांनी उरलेलं कापड चाळणीसारखं झालं. ओळींची टोकं एका रेघेत थांबवू नका, एक आखूड एक लांब अशी सोडा.

चार शिवणी मिळतात तिथे सहा ते आठ थर येतात. ९०/१४ ची सुई तिथे दोनदा मोडली. १००/१६ घातली, दाबपट्टीच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी ठेवली म्हणजे पट्टी तिरकी होत नाही, आणि तेवढे दहा टाके चाक हाताने फिरवून मारले. तिसरी सुई खिशाच्या तांब्याच्या रिव्हेटवर गेली. जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना या रिव्हेटांचं पेटंट २० मे १८७३ रोजी मिळालं, ते खिशाचे कोपरे फाटू नयेत म्हणून. कोपरे खरंच फाटलेले नव्हते, आठांतल्या एकाही जीन्सचे नाहीत. सुई मात्र त्या भागात नेताना तीनदा बघा.

सहा झाल्या. दोन सोडल्या: ताणणाऱ्या, पातळ, आणि दिव्यासमोर धरल्यावर विरणं अर्ध्या मांडीपर्यंत गेलेलं. त्यातला ताणणारा धागा जागोजाग तुटून कापडातून बारीक पांढऱ्या केसांसारखा बाहेर आला होता. गरम पाणी, गरम हवेचं सुकवणं आणि क्लोरीन यांनी तो लवकर मरतो. तो मेला की गुडघ्याला आलेला फुगा परत बसत नाही, दुरुस्तीचा प्रश्नच नाही. फसलेले तीन तास धरून जीन्सचे एकूण ९.

७ फेब्रुवारी. कॉलर पलटणं

सहा शर्ट, ७ तास. सगळ्यात समाधानाचं काम हे. शर्टाचं अंग, बाह्या, पाठ सगळं नव्यासारखं, आणि फक्त मानेला घासून कॉलरची घडी विरलेली, म्हणून सहा शर्ट टाकले होते. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ ला कपड्यांवर रेशन आलं आणि वर्षाला माणशी ६६ कुपनं मिळू लागली, तेव्हा कॉलर पलटणं हे घरोघरचं काम होतं. कारण सोपं: कॉलरला दोन बाजू असतात, झिजते एकच.

कॉलर दोन थरांच्या उभ्या पट्टीत चिमटीत धरल्यासारखी असते. पट्टीची फक्त वरची शिवण, कॉलरच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, उसवायची. बटणाकडची टोकं उसवू नका. कॉलर सुटली की पलटायची, विरलेल्या बाजूवर पातळ बकरम चिकटवून वरून नागमोडी टीप मारायची (ती आता खाली जाणार, दिसणार नाही), परत पट्टीत घालून कच्चा टाका, मग दोन मिलिमीटरच्या टाक्याने कडेची टीप.

उसवण्याआधी कॉलरच्या आणि पट्टीच्या मध्यावर टाचणीने खूण करा. पहिल्या शर्टाला केली नाही. चार मिलिमीटर सरकली, घातल्यावर एक टोक लांब एक आखूड. परत उसवणं, परत शिवणं, ५० मिनिटं.

दुसरी अडचण कुणी सांगत नाही. नीट शिवलेल्या शर्टात कॉलरची वरची बाजू खालच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी कापलेली असते, म्हणजे कॉलर आपोआप खाली वळते. पलटल्यावर मोठी बाजू खाली जाते आणि टोकं कुत्र्याच्या कानासारखी वर उचलतात. गुंडाळलेल्या टॉवेलवर कॉलर घालून वाफेच्या इस्त्रीने वळण दिलं तर बऱ्यापैकी बसतात, पण प्रत्येक धुण्यानंतर ते करावं लागतं.

दोन कॉलरी पलटता आल्या नाहीत. एकीच्या खालच्या बाजूला ताठ पट्ट्या घालायच्या चिरा होत्या, पलटल्या तर त्या वर आल्या असत्या. दुसरीची झीज दोन्ही थरांतून आरपार. दोघांच्या कॉलरी काढून पट्टी वरून बंद केली, बिनकॉलरचे शर्ट झाले. झिजलेले कफ आत पाच मिलिमीटर दुमडून टीप मारली. विशेष लिहिण्यासारखं नाही.

१५ फेब्रुवारी. लोकरीचे

पाचांतले चार, ८ तास. भोक बाटलीच्या गोल बुडावर ताणून धरायचं, न ओढता. भोकाच्या एक सेंटिमीटर बाहेरून, धड विणीतून उभे धागे घालायचे, मग आडवे धागे त्यांतून एक वर एक खाली असे विणायचे. प्रत्येक वळणावर दोन मिलिमीटरचा फासा मोकळा सोडायचा, धुतल्यावर लोकर आटते तेव्हा तो कामाला येतो. लोकर स्वेटरच्या धाग्यापेक्षा बारीक हवी.

पहिल्या स्वेटरला हाताशी होती म्हणून अक्रिलिकची लोकर वापरली. धुतल्यावर स्वेटर आटला, रफू आटलं नाही, कोपरावर फोडासारखं उभं राहिलं. दीड तास वाया. रफूला तोच धागा लागतो, म्हणजे लोकरीला लोकर.

पाचवा स्वेटर मशीनमध्ये गरम पाण्यात गेलेला होता, आटून जाड नमदा झालेला. तो परत सुटत नाही. त्याचा फायदा एकच, कापला तरी उसवत नाही, म्हणून इतर स्वेटरांच्या कोपरांची ठिगळं त्यातूनच कापली.

२१ फेब्रुवारी. टी-शर्ट

सातांतले तीन. ३ तास, आणि तेही जास्त वाटले. पोटावरची बारीक भोकं जीन्सच्या बटणाने, पट्ट्याच्या बकलाने आणि धुताना उघड्या राहिलेल्या चेनींनी पडतात. मागून ताणणाऱ्या बकरमाचा दीड सेंटिमीटरचा तुकडा चिकटवून दोन-तीन टाके, एवढंच करता येतं. कापड चौरस मीटरला १६० ग्रॅम किंवा वर असेल तर बरं बसतं. पातळ कापडात सुई गेली तिथे दुसऱ्या धुण्याला नवं भोक. चार सोडले. सैल झालेले गळे आवळायचा प्रयत्न करू नका.

२८ फेब्रुवारी. रंग आणि डाग

सहांतले चार, ५ तास. विटलेले काळे सुती कपडे चार, कोरडे असताना वजन १.२ किलो. रिअॅक्टिव्ह काळा रंग कापडाच्या वजनाच्या ८ टक्के, म्हणजे ९६ ग्रॅम. पाणी २० लिटर, मीठ १.६ किलो, धुण्याचा सोडा ४०० ग्रॅम. रंगाची पूड हाताळताना नाकावर मास्क. कपडे ओले करूनच घालायचे, रंग आणि मीठ घातल्यावर २० मिनिटं ढवळायचं, मग सोडा वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून बाजूने ओतायचा आणि तासभर दर पाच मिनिटांनी ढवळायचं.

सोड्याचा शेवटचा भाग घाईत न विरघळवता थेट कपड्यावर पडला. त्या पँटीला गुडघ्यावर गडद डाग, कायमचे. घरात घालायला गेली. आणि चारही कपड्यांवर टिपांचा दोरा जुन्या रंगाचाच राहिला, कारण तो पॉलिएस्टर आणि हा रंग त्याला धरत नाही. काळ्या पँटीवर तपकिरी टिपा उठून दिसतात. आधी माहीत असेल तर चालतं, नसेल तर धक्का बसतो.

काखेतले पिवळे डाग: सोडियम परकार्बोनेट लिटरला १५ ग्रॅम, ५० ते ६० अंशांचं पाणी, चार तास. सुती पांढऱ्या शर्टावर गेले. लोकर-रेशमाला हे लावू नका, आणि क्लोरीन ब्लीच तर काखेच्या डागाला कधीच नको, पिवळा आणखी पक्का होतो. दुसऱ्या शर्टावर तेलाचा डाग इस्त्रीखालून गेला होता, तो निघाला नाही. डागाळलेल्या पँटीसकट चार रंगवलेले आणि एक पांढरा धरले तर पाच होतात, पण रंगवलेल्यांतला एक ओळखीच्या पलीकडे आटला, म्हणून चार.

७ मार्च. माप

सात कपडे, ७ तास, चार झाले. इथे सगळं मायेवर, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडावर. जुन्या पँटीच्या मागच्या शिवणीत प्रत्येक बाजूला तीन सेंटिमीटर माया निघाली, कंबर अडीच सेंटिमीटर सैल करूनही शिल्लक. नव्या पँटीत एक सेंटिमीटर, तीही ओव्हरलॉकने कापून बंद केलेली. सोडायला काहीच नाही. दोन पँटींची लांबी कमी केली, एक शर्ट बाजूंनी आत घेतला. खांदा रुंद असलेलं जाकीट उघडलंच नाही: खांदा बदलायचा म्हणजे मुंढा, बाही, अस्तर सगळं सुटतं.

सैल करताना जुनी घडी पांढरी रेघ म्हणून उरते. वाफेने थोडी कमी होते, जात नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

१४ मार्च. हिशोब

६३ पैकी ५० परत, १३ गेले. एकूण साडेचोपन्न तास, म्हणजे परत गेलेल्या कपड्यामागे एक तास आणि वर पाच मिनिटं. त्यातला मोठा वाटा चुकांचा.

पैशाचं सामान फार लागलं नाही. लागतात ते तास, आणि शिंप्याकडे दिलं तर तेच तास मजुरी होऊन येतात. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये कपडे आणि पादत्राणांच्या दुरुस्तीच्या बिलात सरळ ६ ते २५ युरोंची सूट सुरू झाली, ती याच जागी बोट ठेवते.

तिसरा रकाना आता एकत्र मांडला. २७ कपड्यांच्या जागी नवे घेतले गेले होते. १७ ची कुणाला आठवणही झाली नव्हती. राहिलेल्या १९ चं उत्तर जास्त उपयोगाचं: ११ कपड्यांच्या चिठ्ठीवर "दुकानात गेलो, हातात घेतलं, कापड जुन्याइतकं भरीव नव्हतं" अशा अर्थाचं काहीतरी, आणि ८ कपड्यांच्या चिठ्ठीवर "मापाचं मिळालं नाही" किंवा "घाई नव्हती". नवं न घेण्यात काटकसरीचा निश्चय फारसा दिसला नाही. बहुतेकदा नवा कपडा जुन्यासमोर हरला होता.

१३ कपडे "रिसायकलिंग"च्या पेटीत टाकण्यात अर्थ नाही. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी एक टक्क्याहून कमी माल परत नव्या कपड्यात जातो. चेनी, बटणं, रिव्हेट नसलेले खिसे कापून ठेवले, जीन्सचे पाय ठिगळांसाठी, टी-शर्ट फडक्यांना.

२० जून. तीन महिन्यांनी

५० कपडे परत बघितले. सहांत बिघाड: दोन जीन्स (एकीत १ मिलिमीटरच्या ओळींची ती चाळणी, अपेक्षित होतं), तीनांतले दोन टी-शर्ट, एक स्वेटर जुन्या भोकाशेजारी, आणि जानेवारीत दाबून सोडलेला तो रनर, ऐन कार्यक्रमात फाकलेला. पलटलेल्या चारही कॉलरी शाबूत. बटण एकही गेलं नाही.

बिघाड नसून पडून राहिलेले नऊ. नीट दुरुस्त केलेले, इस्त्री केलेले, आणि एकदाही न घातलेले. चिठ्ठ्या काढून बघितल्या तर नवांतले सात त्या १७ मधले, ज्यांची कुणाला आठवण नव्हती. म्हणजे नऊ-दहा तास अशा कपड्यांवर गेले जे फाटले नसते तरी कुणी घातले नसते. पुढच्या वेळी तिसरा रकाना पहिला भरायचा. "आठवण नाही" लिहिलेला कपडा धडका असेल तर कुणाला तरी द्यायचा, सुई लावायची नाही.

पाच घरांतल्या खरेदीबद्दल एवढंच: दोन घरांतले लोक आता दुकानात कपडा उलटा करून बघतात. माया किती, बटण साखळी टाक्याचं आहे का, शिवण ओढल्यावर शिडी दिसते का. बहुतेक वेळा परत ठेवून येतात.

टाकायला काढलेल्या कपड्यांची दुसरी पिशवी ४ जुलैला उघडायची. टी-शर्ट आधीच वेगळे काढले आहेत. धातूचे आणि नायलॉनचे ५ नंबरचे रनर वेगवेगळ्या डब्यांत. ९०/१४ च्या सुया संपल्या, आणायच्या.